नंबर टाइप करून निघून जाणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
गोव्यात बिलिंग सॉफ्टवेअर, केओटी प्रिंटर (किचनमध्ये ऑर्डरची चिठ्ठी काढणारे), हजेरीची मशीन, सीसीटीव्ही आणि इंटरनेट बसवत फिरणारी समस्त मंडळी

स. न. वि. वि.

मी तुमच्यातलाच आहे. म्हापशात राहतो आणि बार्देश-पेडण्यातल्या हॉटेलांची, फार्मसींची, दोन-चार सीएंच्या ऑफिसांची नेटवर्कं सांभाळतो. तुम्ही एका दिवसात काम उरकून, सही घेऊन जाता. त्यानंतर पाच-सहा वर्षं त्या कामाबरोबर संसार मला करावा लागतो. भांडायचं म्हणून लिहीत नाही, पण थोडं भांडण होईल. ते नंबरांवरून, म्हणजे यंत्रांच्या आयपी पत्त्यांवरून, जे तुम्ही प्रत्येक सेटिंगमध्ये टाइप करून जाता.

परतीच्या पावसातल्या विजा बार्देशकरांना सांगायला नकोत. ऑक्टोबरातला शनिवार होता. किनाऱ्याजवळच्या एका हॉटेलात दुपारी वीज कडाडली आणि राउटर गेला. इंटरनेटवाल्यांचा मुलगा तासाभरात आला, त्याबद्दल त्याला मानलं पाहिजे. नवा राउटर लावला, पात्रांवांच्या (मालकांच्या) मोबाइलवर व्हॉट्सॲप चालू करून दाखवलं आणि गेला. संध्याकाळी साडेसातला पहिली गर्दी आली. कॅप्टन टॅबलेटवर ऑर्डर घेतोय, 'सेंड' दाबतोय, आणि आत किचनमध्ये चिठ्ठीच निघत नाही.

शनिवारच्या ट्रॅफिकमधून मी पोहोचेपर्यंत नऊ वाजले होते. वेटर कागदाच्या कपट्यांवर ऑर्डर लिहून पळत होते. एका टेबलावर काफ्रियल दोनदा गेलं होतं आणि शेजारच्या टेबलाची इसवण अजून तव्यावर पडायची होती. तंदूरचा प्रिंटर वर फळीवर, पिठाने आणि तेलाने माखलेला. त्यावर तुमच्यापैकीच कुणीतरी लावलेली पांढरी चिकटपट्टी, बॉलपेनने लिहिलेला नंबर: १९२.१६८.१.८ आणि पुढे एक अक्षर, सात की एक ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. प्रिंटर बंद केला, फीडचं बटण दाबून धरलं, परत चालू केला. सेल्फ-टेस्टची चिठ्ठी बाहेर आली. सत्त्याऐंशी.

नव्या राउटरचं घर होतं १९२.१६८.०. प्रिंटर बसलेला १९२.१६८.१ मध्ये, त्याच्या पोटातच नंबर कोरून ठेवलेला. मुख्य बिलिंग पीसीला '१०' हा नंबर जुन्या राउटरच्या आठवणीतून मिळत होता. राउटर जळाला, आठवणही जळाली, आणि पीसीला आता ०.१०३ मिळाला. टॅबलेट मात्र अजून १.१० लाच हाका मारत होते, आणि पीसी १.८७ ला. सगळी यंत्रं ठणठणीत, सगळ्या वायरी जागेवर, तरी कुणाचा कुणाला पत्ता नाही.

तुम्ही म्हणाल, राउटरचा नंबर बदलून परत १ करायचा, दोन मिनिटांचं काम. मीही तेच करणार होतो. राउटरचा पासवर्ड त्या मुलाकडे होता आणि मुलाचा फोन बंद. शेवटी बॅगेतला माझा छोटा मायक्रोटिक राउटर काढला, त्याला १९२.१६८.१.१ केलं, पीसीसाठी १० राखून ठेवला आणि स्विचची वायर नव्या राउटरातून काढून माझ्या राउटरात खोचली. दहा वाजून दहा मिनिटांनी तंदूरवर पहिली चिठ्ठी निघाली. तो जुगाड होता, आणि जुगाड म्हणूनच मी तो सांगतोय.

त्या रात्री गल्ला मोजून झाल्यावर पात्रांवांनी विचारलं, "हा नंबर असा किती जागी घातलाय?" मी बसून मोजलं. सहा टॅबलेटांत सर्व्हरचा नंबर. तीन बिलिंग पीसींत प्रत्येकी चार: सर्व्हर, किचन, तंदूर, बार. मॅनेजरच्या लॅपटॉपवरचा शेअर ड्राइव्ह, हजेरीची मशीन, खोल्यांच्या कुलपांचं सॉफ्टवेअर, बॅकअप आणि रिसेप्शनवरचा कॅमेऱ्यांचा स्क्रीन. एकूण २३ चौकटी. वेगवेगळ्या पाच जणांनी भरलेल्या, आणि कुणीही कुठेही लिहून न ठेवलेल्या.

खरं बिल पुढच्या वर्षी आलं. त्याच मालकांनी मांद्र्याला दुसरं रेस्टॉरंट घेतलं. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्याकडे सगळ्यांचेच डोळे लागलेत, त्यात नवल नाही. दोन्हीकडचा स्टॉक एका जागी दिसला पाहिजे, म्हणून दोन्ही नेटवर्कं व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून खासगी वाटेने, जोडायची होती. मांद्र्याचं नेटवर्क तुमच्यापैकी दुसऱ्याच कुणीतरी उभारलेलं, आणि तेही १९२.१६८.१. तिथेही सर्व्हर १०. एकाच नंबराची दोन घरं एका वाड्यात कशी नांदणार? एका बाजूचे सगळे नंबर बदलणं भाग होतं. स्वतःचा राउटर असता तर त्या ऑक्टोबरात वाचलो असतो, हे मी मान्य करतो. पण इथे तोही कामाला येत नाही. त्या २३ चौकटी मी रात्री एक ते चार अशा दोन रात्रींत एकेक उघडल्या. आणि यावेळी त्यांत नवे नंबर भरले नाहीत, नावं भरली.

ह्या वर्षी मे महिन्यात तंदूरच्या त्या प्रिंटरने पिठापुढे हात टेकले. नवा आणला, राउटरमध्ये एक ओळ बदलली, झालं. तंदूरवाल्याने मान वर करूनही पाहिलं नाही.

तर मंडळी, माझं म्हणणं एवढंच आहे. नंबर एकाच जागी ठेवा, ती जागा म्हणजे डीएनएस: नाव विचारलं की नंबर सांगणारी वही. बाकी प्रत्येक चौकटीत नाव टाका.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. आपण सगळे जे १९२.१६८ डोळे मिटून वापरतो, ते खासगी वापरासाठी राखून ठेवणारा दस्तऐवज म्हणजे आरएफसी १९१८, फेब्रुवारी १९९६ चा (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले क्रमांकाचे कागद). त्याच महिन्यात आरएफसी १९०० आला. नेटवर्काचे नंबर कधी ना कधी बदलावे लागणारच आणि ते काम किती जिकिरीचं आहे, ह्यावरच तो आहे, आणि प्रोग्रॅमांनी पत्त्यांऐवजी नावं वापरावीत असं त्यात सांगून ठेवलंय. पहिल्यातले नंबर आपण घेतले, दुसऱ्याकडे बघायला सवड झाली नाही. बरं, पहिल्यातलेही नीट घेतले नाहीत. १९२.१६८ च्या पुढच्या तिसऱ्या आकड्याला ० ते २५५ अशा २५६ जागा आहेत, १० ने सुरू होणाऱ्या मालिकेत तर एक कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते. आणि मी जाईन तिथे ० किंवा १.

नावांची युक्ती त्याहूनही जुनी. सुरुवातीला जगातल्या सगळ्या जोडलेल्या संगणकांची नावं-नंबर एकाच फाइलीत असत, कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत ती फाइल सांभाळली जाई आणि बाकीचे ती उतरवून घेत. संगणक वाढले तसं ते झेपेना, म्हणून पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली डीएनएसचा आराखडा मांडला. आज जो चालतो त्याचे मूळ दस्तऐवज नोव्हेंबर १९८७ चे. मे महिन्यात गोवा घटकराज्य झालं, त्याच वर्षीचे. आपलं राज्य आणि ही व्यवस्था एका वयाची आहे, तेव्हा 'हे नवीन तंत्रज्ञान आहे, आमच्या लोकांना जमत नाही' असं कृपा करून सांगू नका. मला एकाने सांगितलं आहे.

आणि जमत नाही कसं? गावात प्रत्येक घराला पंचायतीचा नंबर आहे, दाराच्या चौकटीवर रंगवलेला. पण पाहुणा वाड्यावर येऊन 'एकशे बेचाळीस बटा अ कुठे' असं विचारतो का? तो नाव विचारतो. माणसं जुनं घर सोडून शेजारच्या नव्या घरात गेली तरी विचारणारा चुकत नाही, कारण वाड्याला माहीत असतं.

आता कामाचं बोलू.

विंडोजमध्ये प्रिंटरचा पोर्ट जोडताना जी चौकट येते, तिच्यावरच 'होस्टनेम किंवा आयपी ॲड्रेस' असं छापलेलं आहे. होस्टनेम आधी आहे. हजेरीच्या कित्येक मशीनांत सर्व्हरच्या सेटिंगमध्ये 'डोमेन नेम' चालू करायचं बटण असतं. ते मी जिथे जिथे पाहिलं तिथे तिथे बंद होतं. बिलिंग सॉफ्टवेअरची कॉन्फिग फाइल, डेटाबेसची कनेक्शन स्ट्रिंग, बॅकअपचा मार्ग, सगळीकडे नाव चालतं. शेअर ड्राइव्हचं तर उलटंच आहे: डोमेन असलेल्या (सगळ्या पीसींचं लॉगिन एका सर्व्हरवरून चालणाऱ्या) ऑफिसात तुम्ही सर्व्हरचा आयपी टाकून ड्राइव्ह जोडलात, की विंडोज साधारणपणे ओळख पटवायची कर्बेरॉस ही पद्धत सोडून जुन्या एनटीएलएमवर उतरतं. त्या एनटीएलएमला मायक्रोसॉफ्टने २०२४ साली निवृत्तीच्या यादीत टाकलंय. म्हणजे नाव असताना नंबर टाकून आपण कुलूपही कमकुवत करतो.

सर्टिफिकेटचंही, म्हणजे पान खरं असल्याच्या दाखल्याचंही, तसंच. ते बहुतेक वेळा नावावर निघतं. नंबर टाकून पान उघडलं की ब्राउझर लाल पडदा दाखवतो. मग आपण काय केलं? रिसेप्शनवरच्या मुलीला शिकवलं, 'लाल आलं की ॲडव्हान्स्ड दाब, मग खाली प्रोसीड.' ती आता प्रत्येक लाल पडद्यावर तेच दाबते, बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या पानावरही दाबेल. हे पाप आपलं आहे, माझंही.

करायचं कसं, तर नंबर यंत्राच्या पोटात कोरू नका. यंत्राला 'ऑटोमॅटिक' ठेवा आणि राउटरच्या डीएचसीपीत (यंत्रांना नंबर वाटणाऱ्या सोयीत) त्याच्या मॅक पत्त्यावर, म्हणजे कारखान्यातून आलेल्या ओळख-क्रमांकावर, नंबर राखून ठेवा. त्याच राउटरच्या डीएनएसमध्ये त्या नंबरापुढे नाव लिहा. मायक्रोटिकमध्ये स्टॅटिक डीएनएसचा तक्ता आहे. 'डीएनएसमास्क' नावाचा मोफत प्रोग्रॅम तर डीएचसीपीने दिलेल्या यंत्रांची नावं आपण होऊन डीएनएसमध्ये घेतो. जिथे विंडोजचं डोमेन आहे तिथे डीएनएस सर्व्हर आधीपासून चालू असतोच, त्याच्याशिवाय डोमेन उभंच राहत नाही. तिथेही तुम्ही नंबर टाकता, तेव्हा मला खरंच कळत नाही की काय बोलावं.

प्रत्येक पीसीच्या होस्ट्स फाइलीत (त्याच्या स्वतःच्या नाव-नंबरांच्या यादीत) नाव लिहून ठेवणं हा उपाय नाही. २३ चौकटींच्या जागी दहा फाइली होतील, आणि १९८३ सालची तीच अडचण घरात येईल.

नाव ठेवताना कामावरून ठेवा. 'तंदूर-प्रिंटर', 'बिलिंग', 'हजेरी' (टाइप करताना अर्थात रोमन लिपीत). प्रिंटरच्या कंपनीचं किंवा मॉडेलचं नाव नको, कारण पुढचा प्रिंटर दुसऱ्या कंपनीचा असेल. सर्व्हरला पात्रांवांच्या मुलीचं नावही नको. ते मी एका जागी पाहिलंय, आणि ती मुलगी लग्न होऊन गेली तरी तिच्या नावाने अजून बिलं निघतात. पीसीचं नाव १५ अक्षरांच्या आत ठेवा, विंडोजच्या नावांच्या जुन्या नेटबायोस पद्धतीची मर्यादा अजून आडवी येते.

नावाच्या शेपटाला, म्हणजे शेवटच्या ठिपक्यापुढे, 'लोकल' लावू नका. ते शेपूट २०१३ पासून एमडीएनएससाठी (सर्व्हरशिवाय यंत्रांनी एकमेकांना नाव विचारायच्या पद्धतीसाठी) राखलेलं आहे, आणि ॲपलची यंत्रं व कित्येक प्रिंटर ते आपल्या पद्धतीने शोधायला जातात. मग कधी सापडतं, कधी नाही. मनाला येईल ते शेपूटही लावू नका. इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनने जुलै २०२४ मध्ये 'इंटर्नल' हे शेपूट खासगी नेटवर्कांसाठी कायमचं राखून ठेवलंय, ते घ्या. हॉटेलची स्वतःची वेबसाइट असेल तर तिच्याच नावाखाली एक आतला उपविभाग करा. मला तेच जास्त आवडतं, कारण सर्टिफिकेटही सरळ मिळतं.

आता तुमची बाजू. 'नावं टाकली आणि डीएनएसच पडला तर?' पडेल. आपल्या धंद्यात जुना विनोद आहे की काहीही बिघडलं तरी शेवटी डीएनएसच निघतो, आणि तो विनोद उगाच झालेला नाही. नाव म्हणजे मध्ये आणखी एक सांधा. तो मोडू शकतो. पण तो मोडला तर मला एकाच जागी बघावं लागतं. मोठ्या जागी दोन डीएनएस ठेवा. आणि राउटर व डीएनएस सर्व्हर यांचे स्वतःचे नंबर कायमचेच असू द्यात. वाडा कुठे आहे हेच कळलं नाही तर घर कुणाला विचारणार?

तुमची एक सवय मात्र इथे घात करते. डीएनएसच्या पहिल्या चौकटीत राउटर आणि दुसऱ्या चौकटीत 'असू दे, सेफ्टीला' म्हणून गूगलचा आठ-आठ-आठ-आठ. राउटर एखाद्या वेळी उत्तर द्यायला उशीर करतो, विंडोज दुसऱ्याकडे वळतं आणि बाहेरच्या गूगलला विचारतं, 'तंदूर-प्रिंटर कुठे आहे?' त्याला काय माहीत? तो सांगतो, असं कुणी नाही. थोड्या वेळाने सगळं आपोआप चालू होतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं, 'तुमचं ते नावाचं काहीतरी मधूनमधून अडकतं.' दुसरा पत्ता द्यायचाच असेल तर तोही आतला द्या. अँड्रॉइडच्या टॅबलेटमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असतो, त्यात कुणी बाहेरच्या सेवेचं नाव भरून ठेवलं असेल तर तोही आतल्या नावांना ओळखत नाही. टॅबलेट देण्याआधी तेवढं बघा.

दुसरी गोष्ट टीटीएलची, म्हणजे उत्तर किती सेकंद लक्षात ठेवायचं त्या आकड्याची. नोंदीवर ८६,४०० लिहिलं असेल तर तिची विचारपूस केलेली यंत्रं जुनं उत्तर २४ तास धरून बसू शकतात. बदल करायच्या आदल्या दिवशी ते ३०० वर आणा, काम झालं की परत वाढवा. आणि काही सॉफ्टवेअर चालू होताना एकदाच नाव विचारतात, मग बंद होईपर्यंत परत विचारत नाहीत. त्यांना रीस्टार्ट करावंच लागतं. सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी हे पत्र वाचत असतील तर जोडणी तुटल्यावर नाव पुन्हा विचारायची एवढी एक सोय करा. आणि सेटिंगमध्ये ठिपके घालून तीन-तीन आकड्यांच्या चार खोल्या केलेल्या असतात, त्या मोडून एक सलग चौकट द्या. त्या चार खोल्या बघितल्या की माझ्या पोटात गोळा येतो.

जिथे नाव चालतच नाही तिथे नंबर टाका, त्याला माझी हरकत नाही. कॅमेऱ्यांच्या एनव्हीआरचं (रेकॉर्डिंगच्या पेटीचं) स्वतःचं बंद नेटवर्क असेल तर त्याला हात लावू नका. मालकाला घरून कॅमेरे बघायचे असतील तर डीडीएनएसचं (बाहेरचा पत्ता बदलला तरी मागोवा ठेवणारं) नाव उपयोगी पडतं, पण राउटरला बाहेरच्या बाजूने १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता मिळाला असेल तर तो सीजीएनएटीच्या मागे आहे, म्हणजे कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलाय. तिथे कुठलंही नाव आत आणून सोडणार नाही. ते मालकाला आधीच सांगा. चवथीच्या दिवशी गावाहून मला फोन येतो, तो त्यातलाच असतो.

मागणं फार नाही. काम संपवून सही घेताना एक कागद द्या: कुठल्या यंत्राचं नाव काय, ते नाव कुठल्या चौकटीत टाकलं, आणि राउटरचा पासवर्ड मालकाच्या हातात. इंटरनेटवाल्यांनी नवा राउटर लावायच्या आधी जुन्याचा घरचा नंबर काय होता एवढं विचारा, किंवा आत दुसरा राउटर असेल तर त्याला न छेडता आपली वायर त्याच्यात घाला. ह्या कामाचे जास्तीचे पैसे लावा. मी माझ्या गिऱ्हाइकांना ते द्यायला सांगेन, आणि त्या शनिवारचा हिशेब पाहिलेले एक मालक तर माझ्या आधी देतील.

माझ्या कुठल्याही जागेवर तुम्ही आलात, तर राउटरच्या मागे प्लास्टिकच्या पाउचमध्ये एक कागद टांगलेला दिसेल. डाव्या बाजूला नावं, उजवीकडे ती कशासाठी आहेत ते. तुम्हाला हवं ते त्यातून घ्या. नवीन यंत्र आणलं असेल तर त्याचा मॅक पत्ता खाली पेन्सिलने लिहून मला मेसेज टाका, दहा मिनिटांत नाव देतो. पेन्सिल दोऱ्याने बांधलेली आहे, तेवढी नेऊ नका.

आपला,
म्हापशाचा एक नेटवर्कवाला